पाखाडीवरून एकट्याला उतरवता येईल तीच कयाक

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: वय ४२, नोकरी पुण्यात, गाव चिपळूणच्या खाली वाशिष्ठीच्या खाडीकाठी. महिन्यातून दोन शनिवार-रविवार गावी जाणं होतं. लहानपणापासून गळ टाकायची सवय. आता चांगला रॉड आणि रीळ आहे, पण मासेमारी सगळी काठावरून नाहीतर जेटीवरून. परदेशातले व्हिडिओ बघून आठ फुटी 'फिशिंग कयाक' (मासेमारीसाठी एकट्याने वल्हवायची छोटी, अरुंद बोट) घ्यायचं मनात भरलं आहे. ती खाडीतही चालेल आणि घरामागच्या ओहोळातही, असा हिशेब. बजेट ५० हजार. वजन ८६ किलो. पोहता येतं. घरापासून पाणी पाखाडी, म्हणजे उताराची पायऱ्यांची वाट, उतरून पाच मिनिटांवर. चुलतभाऊ म्हणतो, तेवढ्या पैशात जुनी फायबरची होडी मिळेल. बायको म्हणते, एकट्याने जायचंच नाही. पत्राचा शेवट असा: "आठ फुटी घेऊ की नऊ फुटी, आणि खुर्ची उंच असावी की खालची, एवढंच सांगा."

उत्तर:

एवढंच सांगा म्हणालात, म्हणून आधी तेवढंच सांगतो. आठ नको, नऊही नको. दहा फुटांच्या आसपासची घ्या. खुर्ची खालची. हवं तर इथेच वाचणं थांबवा. पण तुमच्या पत्रात तीन-चार गोष्टी तुम्ही धरूनच चालला आहात, आणि कयाक चुकली तर ती त्यांच्यामुळे चुकेल.

पहिली गोष्ट, छोटी म्हणजे सोपी. व्हिडिओतले ते ओढे बहुतेक गोड्या पाण्याचे, वळणावळणाचे, एका दिशेने वाहणारे असतात. तिथे आठ फुटी कयाक झटकन वळते, झाडाच्या फांदीखालून निघते, म्हणून ती तिथे शोभते. तुमच्या खाडीत वळायचं कमी आणि सरळ जायचं जास्त. आखूड आणि रुंद कयाक प्रत्येक वल्ह्यासरशी नाक डावी-उजवीकडे फिरवत जाते. अर्धी ताकद पुढे जाण्यात आणि अर्धी तिला सरळ ठेवण्यात जाते. दहा फुटी, खाली मागच्या बाजूला बारीक कणा असलेली कयाक त्याच ताकदीत बरंच अंतर कापते.

शिवाय वजन. कयाकवर जी क्षमता लिहिलेली असते ती बुडण्याच्या अलीकडची असते, मासे धरण्याच्या सोयीची नव्हे. साधा नियम असा की लिहिलेल्या आकड्याच्या दोन तृतीयांशापर्यंतच भार घालायचा. तुम्ही ८६ किलो. जॅकेट, पाणी, बर्फाची छोटी पेटी, रॉड, नांगर मिळून आणखी बारा धरा. झाले ९८. म्हणजे लिहिलेली क्षमता १५०च्या आसपास हवी, आणि ती आठ फुटी बोटीत क्वचितच सापडते. त्यापेक्षा कमी क्षमतेची घेतलीत तर तळाच्या भोकांतून पाणी वर येऊन तुम्ही दिवसभर ओल्या बुडाने बसाल. ते एक वेळ चालेल. पण बोट पाण्यात खोल बसली की ती जड चालते आणि लाटेला लवकर कलते, ते चालणार नाही.

दुसरी गोष्ट, खाडीला आणि ओहोळाला एकच कयाक. इथे मला तुमचा ओहोळ डोळ्यांसमोर आणावा लागतोय, पण कोकणातले बहुतेक ओहोळ एकाच स्वभावाचे. पावसात ते असे चढतात की काठावर उभं राहू नये, आणि पौष-माघात घोट्याएवढं पाणी आणि मधे मधे डोह. चढलेल्या पाण्यात कयाक घालणं वेडेपणा, आणि उतरलेल्या पाण्यात ती तुम्ही दगडांवरून ओढतच न्याल. तिथे मरळ धरायची तर पायीच जा. जुने बूट, आखूड रॉड, बस्स. डोहाच्या काठाने सावली न पाडता चालणाऱ्याला जे मिळतं ते बोटीतल्याला मिळत नाही. (पहिल्या पावसातले चढणीचे मासे मात्र सोडून द्या. ते अंडी घालायला वर चढतात. सगळं गाव धरतं हे मला माहीत आहे.) तेव्हा कयाकच्या हिशेबातून ओहोळ काढून टाका. निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

आता तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला शब्द: पाखाडी. तुम्ही तो जाता जाता लिहिलाय. व्हिडिओतला माणूस गाडीच्या टपावरून कयाक काढतो, दोन चाकांच्या गाड्यावर ठेवतो आणि सपाट गवतावरून पाण्यात ढकलतो. पाखाडीच्या पायऱ्यांवर तो गाडा निरुपयोगी. दहा फुटी प्लॅस्टिकची कयाक साधारण २२ ते २८ किलोची असते. खुर्ची, रॉडहोल्डर, पेटी लावलेली 'फुल लोडेड' मासेमारीची कयाक ३५-४०च्या घरात सहज जाते. उतरताना उत्साह असतो. परतताना दुपारचं ऊन, भिजलेले कपडे आणि चढ असतो. म्हणून खरेदीच्या आधी एक करा. तांदळाचं २५ किलोचं पोतं खांद्यावर घेऊन पाखाडी उतरा, आणि न थांबता परत चढा. जमलं तर २५ किलोपर्यंतची घ्या. धाप लागून मधे बसावं लागलं तर एक तर हलकी शोधा, नाहीतर खाली काठावर ज्याचं घर आहे त्याच्या पडवीत कयाक ठेवण्याची सोय आधी लावा. माझ्या मते ही दुसरी सोय हजारो रुपयांच्या सुधारणेपेक्षा मोलाची. जी बोट पाण्यापर्यंत नेणं जिवावर येतं ती चौथ्या खेपेपासून माळ्यावर पडते.

ठेवताना एवढं बघा की ती उन्हात नको आणि मूठींना दोरी बांधून टांगलेली नको. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि टांगल्याने मधे वाकतं. पालथी किंवा कुशीवर, दोन रुंद पट्ट्यांवर ठेवा.

आता प्रकार. आत पाय घालून बसायची कयाक तुमच्यासाठी नाही. उलटली की तिच्यात पाणी भरतं आणि खोल पाण्यात एकट्याला ती उपसता येत नाही. वर बसायची, म्हणजे 'सिट-ऑन-टॉप' घ्या. ती पोकळ, बंद असते आणि वर आलेलं पाणी भोकांतून निघून जातं. हवेची कयाक पुण्याच्या फ्लॅटमध्ये कपाटात मावते, हे खरं. पण खाडीतल्या खडकांना आणि जुन्या खांबांना चिकटलेली कालवं सुरीसारखी असतात, आणि हवेची बोट वाऱ्याला फार लवकर भुलते. पायाने पेडल मारायच्या कयाक तुमच्या बजेटच्या वर, वजनाला जड, आणि त्यांचे पंखे गाळात नि जाळ्यांत अडकतात. राहिली ती साधी वल्ह्याची: रुंदी ३० ते ३२ इंच, वल्हं २३० सेंटिमीटरच्या आसपास. रुंद बोटीला आखूड वल्हं घेतलं की बोटं कडेला घासत राहतात. उंच खुर्चीवरून नजर लांब जाते आणि पाठ सुखी राहते, पण भार वर जातो आणि वारा जास्त लागतो. दोन उंचींवर बसवता येणारी खुर्ची मिळाली तर घ्या आणि पहिला हंगाम खालीच बसा. 'उभं राहून मासे धरा' अशी जाहिरात असेल तर ती तुमच्या वजनाच्या माणसाने दहा फुटीत उभं राहण्याबद्दल नाही.

आणि अॅक्सेसरीज? दोन रॉडहोल्डर पुरे. फिशफाइंडर खाडीच्या उथळ पाण्यात तुम्हाला फार काही सांगणार नाही. काठावरून पाग (फेकायचं जाळं) टाकणारा म्हातारा जास्त सांगेल. ५० हजारांतले निदान दहा-बारा हजार कयाकसाठी नाहीतच, असं आजच धरून चाला. अंगात नीट बसणारं लाइफ जॅकेट, बरं वल्हं, शिट्टी, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी, आणि जॅकेटवर अडकवलेली छोटी सुरी. ब्रेडेड लाइन किंवा नांगराची दोरी पायात गुंतली तर हातात दुसरं काही उरत नाही. जॅकेट खुर्चीमागे खोचून ठेवायचं नसतं, हे पोहता येणाऱ्यांनाच जास्त सांगावं लागतं.

आता खाडीबद्दल, कारण तुमच्या पत्रात तिच्याविषयी एक ओळही नाही. तिच्याकाठी वाढलात म्हणून तसं झालं असेल, पण काठावरून दिसणारी भरती-ओहोटी आणि बोटीत बसून अंगावर घेतलेली यांत फरक आहे. नवा माणूस वल्हं मारून तासाला चारेक किलोमीटर जातो. ओहोटीचा ओढ त्यातला निम्मा खाऊ शकतो, आणि त्यात समोरून वारा आला की हात चालतात आणि काठावरचं झाड जागचं हलत नाही.

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हा हिशेब तुमच्या घरात कुणाला तरी नक्की येत असेल. अष्टमीला सहाची भरती, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमाराची. हा हिशेब समुद्रकिनाऱ्याचा. खाडीत आत तुमच्या गावापर्यंत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो, तो तुम्ही दोन-चार दिवस घड्याळ लावून स्वतः मोजा. नवशिक्याने अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार निवडावा. तेव्हा भांगाचं पाणी असतं, ओढ कमी. (शनिवार-रविवार तिथी बघून येत नाहीत, पण महिन्यात दोनदा अष्टमी असते, कॅलेंडर समोर ठेवलं की काहीतरी जुळतं.) दुसरा फायदा वाऱ्याचा. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा. अष्टमीला सकाळी ओहोटी आणि दुपारनंतर भरती, म्हणजे परतताना पाणीही पाठीमागून आणि वाराही. अमावास्या-पौर्णिमेला हे उलटं होतं. दुपारी पाणी समुद्राकडे ओढतं, वारा आत ढकलतो, आणि दोघांच्या भांडणात खाडीच्या मधोमध आखूड, उभ्या लाटा उठतात. ओहोटीच्या भर जोरात मात्र निघू नका; पाणी वळायच्या दोनेक तास आधी निघा, म्हणजे फार खाली ओढलं जाण्याआधी भरती लागेल. आणि पाखाडी जिथे संपते तिथे ओहोटीला दगडी घाट असतो की मांडीभर गाळ, हे आधी बघून ठेवा.

वाशिष्ठीचं आणखी एक आहे. कोयनेचं वीज करून सुटलेलं अवजल याच नदीत येतं. म्हणून उन्हाळ्यातही ती वाहती राहते, आणि जनित्रं चालू-बंद होतील तशी वरच्या भागात पाऊस नसताना पाणी चढतं-उतरतं. तुम्ही चिपळूणच्या खाली आहात, तिथे भरतीचा अंमल जास्त. पण हौसेने वर शहराच्या दिशेने गेलात तर खडकावर बोट टेकवून निवांत डबा खाऊ नका.

मग मगरी. वाशिष्ठीत मगर आहे. चिपळूणच्या खाली पर्यटकांना त्या दाखवायला बोटी निघतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. बायकोचा 'एकटं नको' यातून आला असेल तर तो मला भित्रेपणा वाटत नाही. कयाकमध्ये माणूस पाण्याच्या जवळजवळ पातळीवर बसतो. थंडीच्या सकाळी काठावर ऊन खात पडलेली मगर तुम्हाला पाहून पाण्यात सरकली, तर तुम्ही गरजेपेक्षा जवळ गेलात असं समजा. पाय बाहेर सोडून बसू नका. धरलेले मासे दोरीला ओवून पाण्यात लोंबकळत ठेवू नका, पेटीत टाका; आतडी बोटीवर साफ करू नका. गढूळ काठाला गुडघाभर पाण्यात उतरून बोट ढकलण्यापेक्षा घाटावरून चढा-उतरा. सूर्य मावळायच्या तासभर आधीच पाण्याबाहेर या. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत त्यांचा अंडी-पिल्लांचा काळ असतो. तेव्हा वाळूच्या, मातीच्या उंचवट्यांपासून दूर. ज्या पट्ट्यात मोठ्या मगरी नेहमी दिसतात असं गावातले सांगतील तो पट्टा कयाकसाठी नाहीच. तिथे चुलतभावाची होडी.

यातून मासेमारीचं नुकसान होत नाही. कांदळवनातून निघणाऱ्या चिंचोळ्या फाट्यांत आत शिरायचा मोह होईल. व्हिडिओत तेच दाखवतात. पण पाणी उतरायला लागलं की आतली बारकी मासळी आणि कोळंबी बाहेर येते आणि तांबोशी, खजुरा फाट्याच्या तोंडाशी टपून असतात. तेव्हा तोंडावर, थोडं अंतर ठेवून थांबा. आत गेलात आणि ओहोटी लागली तर गाळावर बोट टेकते, खाली उतरलं की माणूस मांडीपर्यंत जातो, आणि पाणी परत येईपर्यंत डास मोजत बसावं लागतं. थांबण्यासाठी जड नांगरापेक्षा बांबूची एक काठी गाळात रोवा आणि बोट तिला नाकाने किंवा शेपटाने बांधा. कडेने कधीच नाही. वाहत्या पाण्यात कडेला बांधलेली कयाक पाहता पाहता कलते.

जाळ्यांच्या खुंटांना बोट बांधू नका, जाळ्यांवरून लाइन टाकू नका. हे शिष्टाचार म्हणून सांगत नाही. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यावरून दाभोळ खाडीतले, म्हणजे तुमच्याच वाशिष्ठीच्या खाडीतले, मच्छीमार वर्षानुवर्षं तक्रार करत आलेत. ज्यांचं घर या पाण्यावर चालतं त्यांची मासळी कमी झाली आहे. रंगीत बोट घेऊन हौसेला आलेला पुणेकर, मग तो गावचा का असेना, त्यांना कसा दिसेल याचा विचार करा. पहिल्या दिवशीच जाऊन सांगा की गळानेच धरणार, विकणार नाही. त्याच माणसांपैकी कुणीतरी तुम्हाला एखाद दिवशी ओढून काठाला आणेल.

चुलतभावाच्या होडीबद्दल. तुम्ही तिला कयाकला पर्याय समजताय, मला ती आधीची पायरी वाटते. विकत घेऊ नका. गावात कुणाची तरी असेलच. थोडे पैसे देऊन, मालकाला बरोबर घेऊन दोन-तीन भरत्या त्या पाण्यात बसा. फाटे कुठे, वाळूउपशाने झालेले खड्डे कुठे, वारा कुठे अडतो, सगळं कळेल. त्यानंतर कदाचित असंही वाटेल की तुम्हाला बोट नको होती, दोघांनी मिळून पाण्यावर जायला हवं होतं. होडी दोन माणसांची, जड आणि स्थिर. कयाक एकट्याची, हलकी. तुमच्या पत्रात 'एकट्याने, शांतपणे' हे दोनदा आलंय, म्हणून माझा कौल कयाककडे. पण तो कौल पाण्यावर बसून तुम्हीच तपासा. कयाकही आधी भाड्याने घेऊन बसा. कोकणात आणि गोव्यात ठिकठिकाणी तासावर मिळते.

तुमच्यासारखंच विचारणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. धरणांच्या जलाशयात मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. आधी त्यांना विचारा. ठाणे खाडीचा मोठा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि मालवणला सागरी अभयारण्य. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय बोट काढू नये. महाडजवळ वाळणकोंडीत देवीचे म्हणून राखलेले महसीर आहेत, तिथे गळ घेऊन जायचंच नाही. कोकणातल्या इतर खाड्यांसाठी जवळच्या बंदर निरीक्षकाच्या कार्यालयात एक फेरी मारून नियम विचारून घ्या. अमेरिकेतले आपले वाचक गोड्या पाण्याच्या क्रीकसाठी विचारतात, त्यांना आठ-नऊ फुटी खरोखर चालून जाईल. मात्र राज्याचं फिशिंग लायसन्स घ्या आणि बोटीत जॅकेट ठेवा, तो तिथे कायदाच आहे. वसंतात हवा उबदार आणि पाणी बर्फाचं असतं, तेव्हा कपडे पाण्याच्या मानाने घाला.

शेवटी घरचा मुद्दा. 'एकटं जायचंच नाही' आणि 'मी एकटाच जाणार' यांच्या मधे बरीच जागा आहे. पहिला हंगाम चुलतभाऊ होडीत आणि तुम्ही कयाकमध्ये, हाकेच्या अंतरावर. निघताना कुठल्या फाट्यापर्यंत जाणार आणि किती वाजता परत, हे कागदावर लिहून घरी ठेवायचं. त्या वेळेनंतर अर्ध्या तासाने कुणाला फोन करायचा त्याचा नंबरही त्याच कागदावर. आणि मासे धरायच्या आधी एक दिवस फक्त उलटण्यासाठी ठेवा. मगरीचं भय नसलेलं, छातीभर स्वच्छ पाणी निवडा, पोहण्याचा तलाव मिळाला तर उत्तम. कयाक मुद्दाम उलटवा. खालून पलीकडची कड धरून ती सुलटी करा, मधोमध कडेवरून हात टाकून पाय झाडत पोटावर चढा, मग कुशीवर वळून बूड खुर्चीत, आणि पाय शेवटी. दमलेले असतानाही जमेपर्यंत करा. त्या दिवशी वहिनींना काठावर बसायला सांगा. त्या बघतील तेव्हाच ठरवतील.

खरेदी ऑक्टोबरात करा. पाऊस सरलेला असतो, आणि पुढचे सात महिने तुमच्या हातात असतात. जून लागला की धुऊन, वाळवून, पडवीत पालथी.